प्रोग ऐका, पण लिहायला बसण्याआधी: लेखकांसाठी प्रोग्रेसिव्ह रॉक

लिहिताना मागे गाणी लावून ठेवणारे लेखक पुष्कळ आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण त्या कामाला प्रोग्रेसिव्ह रॉक (थोडक्यात 'प्रोग') चालत नाही. चार मिनिटं शांत पियानो वाजतो, तुमची तंद्री लागते, आणि अचानक ड्रम अंगावर येतात. वाक्य अर्ध्यावर तुटतं आणि कर्ता सापडत नाही. या संगीताला मागे बसायची सवयच नाही. ते समोर बसून ऐकायचं असतं. असं ऐकलं, तर लेखकाला सहसा कुणी न शिकवणारी एक गोष्ट त्यातून शिकता येते: लांबी कशी पेलायची. वाचकाला वीस मिनिटं, दोनशे पानं धरून कसं ठेवायचं, मधेच सूर कसा बदलायचा, आणि सुरुवातीची गोष्ट शेवटी परत आणताना ती शिळी कशी वाटू द्यायची नाही.

म्हणून या लेखात 'मूड येण्यासाठी काय ऐकावं' याची यादी नाही. गाण्याची घडण उचलून ती गोष्टीत, कादंबरीत किंवा दीर्घकवितेत कशी वापरायची, त्याची ही रीत आहे. प्रोग कधी ऐकलं नसेल तरी हरकत नाही. उलट कान कोरा असला तर कामाला बरं.

जुजबी ओळख

साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही रॉक बँडना तीन मिनिटांचं गाणं अपुरं वाटायला लागलं. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, जॅझ, लोकगीतं, विज्ञानकथा, दंतकथा असं सगळं त्यांनी रॉकमध्ये ओतलं. १९६९ साली आलेला किंग क्रिमझनचा पहिला अल्बम या प्रवाहाचा आरंभ म्हणून सांगितला जातो. त्यांचं त्या काळचं सभासदत्व बघा: पीटर सिनफील्ड हा माणूस बँडमध्ये होता तो मुख्यतः शब्द लिहायला. येस, जेनेसिस, जेथ्रो टल, पिंक फ्लॉइड आणि कॅनडाचा रश ही पुढची ठळक नावं.

यातली गाजलेली दीर्घ गाणी वीस-बावीस मिनिटांच्या आसपास का असतात, याचं कारण कलात्मक कमी आणि तांत्रिक जास्त आहे. एलपी रेकॉर्डच्या एका बाजूवर चांगल्या आवाजात साधारण तेवढंच मावायचं. जागेची मर्यादा होती, तिच्यातून आकार आला. दिवाळी अंकासाठी शब्दमर्यादा सांभाळून कथा लिहिणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको.

प्रोगमधून लेखन निघाल्याची उदाहरणंही आहेत. मायकेल मूरकॉक हा विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिणारा लेखक हॉकविंड बँडसाठी शब्द लिहायचा, त्यांच्याबरोबर मंचावरही जायचा. केविन जे. अँडरसनची १९८८ची पहिली कादंबरी रशच्या एका अल्बमवरून सुचली. पुढे रशचा ड्रमर आणि गीतकार नील पर्टशी त्याची मैत्री झाली, आणि २०१२ साली बँडच्या नव्या अल्बमची कादंबरी दोघांच्या सहकार्यातून झाली.

पहिली पायरी: एकच गाणं निवडा

शंभर गाण्यांची प्लेलिस्ट करू नका. महिन्याला एक दीर्घ गाणं पुरतं. निवड तुमच्या हातातल्या लेखनावरून करा.

आठवणीतून, गैरहजर माणसाभोवती फिरणारं काही लिहीत असाल, तर पिंक फ्लॉइडचं १९७५चं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'. सिड बॅरेट या आपल्या हरवलेल्या साथीदारासाठी त्यांनी ते रचलं. अनेक तुकड्यांची, सूर बदलत जाणारी मोठी कथा असेल, तर जेनेसिसचं 'सपर्स रेडी' (१९७२, सात भाग, सुमारे तेवीस मिनिटं). निसर्ग, अध्यात्म, प्रवास असं काही असेल, तर येसचं 'क्लोज टू द एज', तेही १९७२चंच. हळूहळू आवळत जाणारा ताण हवा असेल, तर किंग क्रिमझनचं 'स्टारलेस', १९७४. आजच्या शहरातलं एकटेपण हा विषय असेल, तर स्टीव्हन विल्सन या इंग्रज संगीतकाराचा २०१५चा 'हँड. कॅनॉट. इरेज.' हा अख्खा अल्बम.

या शेवटच्या अल्बममागची गोष्ट लेखकाने नोंदवून ठेवावी अशी आहे. लंडनमधल्या एका तरुण स्त्रीचा तिच्या फ्लॅटमध्ये मृत्यू झाला आणि दोन वर्षांहून जास्त काळ कुणाला पत्ताच लागला नाही. २००६ साली ती सापडली. तिला घरचे होते, ओळखीचे होते. विल्सनने तिचं चरित्र रचलं नाही. त्या बातमीतला प्रश्न तेवढा घेतला आणि एक वेगळीच, काल्पनिक बाई उभी केली. वर्तमानपत्रातली बातमी कथेत आणताना आपल्याकडे बहुतेक जण उलटं करतात: तपशील सगळे घेतात आणि प्रश्न सोडून देतात.

दुसरी पायरी: पहिल्यांदा नुसतं ऐका

हेडफोन लावा, फोन विमान मोडवर टाका, दिवा मालवला तर उत्तम. गाणं आधी डाउनलोड करून घ्या. यूट्यूबवर ऐकायला गेलात तर अकराव्या मिनिटाला बरोबर ताणाच्या टोकावर जाहिरात येते आणि सगळं ओम्फस. ॲपमध्ये क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळण्याची सोय) चालू असेल तर बंद करा. प्रोग अल्बममध्ये दोन ट्रॅकमधली शांतता, किंवा तिचा अभाव, ठरवून केलेला असतो. किंग क्रिमझन, येस, जेथ्रो टल यांच्या जुन्या अल्बमचं नवं मिक्सिंग याच स्टीव्हन विल्सनने केलंय. त्यात वाद्यं सुटी सुटी ऐकू येतात, आणि आपल्या कामाला तेच हवं.

शब्द वाचू नका. निदान पहिल्या दोन वेळा तरी नाही. इथे मराठी माणसाला थोडा फायदाच आहे. ब्रिटिश उच्चारातलं गाणं आपल्याला पहिल्या फटक्यात अर्धंमुर्धंच कळतं, त्यामुळे गायकाचा गळा हेही एक वाद्य होऊन बसतो. शिवाय येसच्या जॉन अँडरसनसारखा गीतकार शब्द अर्थाइतकेच नादासाठी निवडतो. अर्थ लावत बसलात तर गुंताल.

या पहिल्या ऐकण्यात वही-पेन जवळ नको. डोळ्यांसमोर चित्रं आली तर येऊ द्या, पण टिपायला धावू नका. पहिल्या फेरीत आलेली चित्रं बहुधा कुठल्यातरी सिनेमातली असतात.

तिसरी पायरी: नकाशा काढा

दुसऱ्या दिवशी आडवा कागद घ्या. डावीकडून उजवीकडे मिनिटं मांडा. आता ऐकता ऐकता फक्त चार गोष्टी नोंदवा: काय सुरू झालं, काय थांबलं, काय परत आलं, आणि तुमचं लक्ष कुठे उडालं. शेवटची नोंद प्रामाणिकपणे करा. थोर बँड आहे म्हणून कंटाळा लपवू नका.

'शाइन ऑन'चा नकाशा काढलात तर पहिली थक्क करणारी नोंद ही असेल: गाणारा माणूस तोंड उघडतो तो साडेआठ मिनिटांनंतर. त्याआधी सिंथेसायझरचा एक लांब, थंड पट्टा. जवळपास चार मिनिटांनी डेव्हिड गिलमोरच्या गिटारवर चार स्वर येतात. फक्त चार. ते वाजतात, थांबतात, हवेत विरतात, पुन्हा वाजतात. मग कुठे ड्रम येतात. ज्याच्याबद्दल गाणं आहे, त्याचा उल्लेख येईपर्यंत ऐकणाऱ्याच्या मनात त्या चार स्वरांनी एक रिकामी जागा करून ठेवलेली असते.

आता तुमची कथा काढा. मुख्य पात्राचं नाव पहिल्याच ओळीत आहे ना? ते उशिरा आणून बघा. आधी त्याची रिकामी खुर्ची येऊ दे, त्याने अर्धवट सोडलेलं शब्दकोडं येऊ दे, त्याच्याबद्दल बोलताना घरात खाली येणारा आवाज येऊ दे. 'चार स्वर' म्हणजे यातला एकच छोटा तपशील निवडायचा आणि बाकीचं काही न सांगता दोनतीनदा आणायचा.

(जून १९७५मध्ये हे काम चालू असताना सिड बॅरेट स्वतःच ॲबी रोड स्टुडिओत येऊन उभा राहिला. डोकं भादरलेलं, भुवया काढलेल्या, अंग सुटलेलं. ज्याच्यासाठी हे गाणं चाललं होतं तोच हा, हे मित्रांना आधी कळलंच नाही. हे कथेत लिहिलं असतं तर संपादकाने 'योगायोग फार झाला' म्हणून परत पाठवलं असतं.)

चौथी पायरी: 'स्टारलेस' घेऊन एक कथा उभी करू

इथे जरा थांबू, कारण माझ्या मते लेखकाने एकच प्रोग गाणं शिकायचं असेल तर ते हे.

साधारण बारा मिनिटं. सुरुवातीला मेलोट्रॉनवर उदास, रुंद सुरावट आणि तिच्यावर गिटार. मेलोट्रॉन हे भारी गमतीचं वाद्य. प्रत्येक पट्टीखाली खऱ्या वाद्यांच्या आवाजाची टेप असते. पट्टी दाबली की टेप चालते आणि सुमारे आठ सेकंदांनी संपते. मग हात उचलावाच लागतो. त्या मर्यादेमुळे त्या सुरांना श्वास घेतल्यासारखा खंड आपोआप मिळतो. मग बँडचा गायक आणि बेसवादक जॉन वेटन गातो. सव्वाचार मिनिटांच्या आसपास गाणं म्हणून जे असतं ते संपतं. शब्द संपले, आता पुन्हा येणार नाहीत.

पुढे तेरा मात्रांचं आवर्तन सुरू होतं. बेस खालून फिरत राहतो. रॉबर्ट फ्रिप गिटारवर एकच स्वर टोचत राहतो, बऱ्याच वेळाने किंचित वर सरकतो, पुन्हा टोचतो. ड्रमर बिल ब्रुफर्ड आधी इकडेतिकडे नुसते तुरळक आवाज टाकतो. पाचएक मिनिटं हे असंच आवळत जातं. नवीन असं काहीच घडत नाही, तरी खुर्चीची कड धरून बसावं लागतं. मग फुटतं: वेग दुप्पट, सॅक्सोफोन मोकाट. आणि अगदी शेवटी सुरुवातीची तीच सुरावट परत येते. स्वर तेच असतात, पण आता ती सॅक्सोफोनवर येते, मागे सगळा बँड गर्जत असतो. पहिल्यांदा जे दुःख होतं ते आता दुःख राहिलेलं नसतं. काय झालं आहे ते प्रत्येकाला वेगळं ऐकू येतं.

आता याच नकाशावर कथा. समजा विषय ठाण्यातल्या एका जुन्या सोसायटीचा पुनर्विकास. सगळ्यांनी संमतीपत्रावर सह्या दिल्यात, पहिल्या मजल्यावरच्या आजींची तेवढी बाकी आहे.

पहिला भाग गाण्याचा: आजी, घर, नवऱ्याने लावलेली कडुलिंबाची कुंडी, सगळं नीट, सावकाश, भावना न लपवता सांगून टाका. सुरुवातीची ओळ अशी ठेवू: 'आजींच्या दाराची बेल वाजली की आधी साखळी वाजे, मग आजी.'

दुसरा भाग एका स्वराचा. इथे भावनेचा एक शब्दही नको. सेक्रेटरी येतो, बेल वाजवतो, साखळी वाजते, आजी म्हणतात, 'अहो, चष्मा सापडत नाहीये, उद्या या.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, फक्त सेक्रेटरीबरोबर बिल्डरचा माणूस. मग तेच, फक्त चष्मा आजींच्या नाकावर आहे. मग तेच, फक्त वरच्या मजल्यावरचे लोक सामान बांधून निघालेत. दर वेळी वाक्यरचना जवळपास तीच ठेवायची आणि एकच गोष्ट सरकवायची. लेखकाचा हात इथे शिवशिवतो. मधेच आजींचं स्वगत घालावंसं वाटतं, भूतकाळात जावंसं वाटतं. जायचं नाही. फ्रिप जात नाही.

हा भाग किती लांबवायचा? तुम्हाला स्वतःला अस्वस्थ वाटायला लागल्यावर अजून दोन फेऱ्या. तिथून पुढे तो नुसता रटाळ होतो, आणि ही सीमा कागदावर कळत नाही. मोठ्याने वाचल्यावरच कळते.

तिसरा भाग फुटण्याचा: लहान वाक्यं, वेग, कदाचित एकाच रात्रीत सगळं. आणि शेवटी पहिली ओळ परत. पण वाद्य बदला. पहिल्यांदा ती निवेदकाच्या तोंडी होती, आता सेक्रेटरीच्या तोंडी द्या. नव्या इमारतीत, व्हिडिओ डोअरफोनसमोर उभा राहून तो कुणाला तरी सांगतोय: 'त्यांच्याकडे आधी साखळी वाजायची, मग आजी.' पुढे स्पष्टीकरण देऊ नका.

आणखी एक. हे गाणं वेटनने आणलं तेव्हा बँडमधल्या इतरांना फारसं रुचलं नव्हतं. ते बाजूला पडलं, आणि पुढे मधला लांब भाग जोडला गेल्यावर ते उभं राहिलं. तुमच्या बाजूला पडलेल्या मसुद्यातही कदाचित गाणं ठीक असेल, त्याचा मधला भाग अजून लिहायचा असेल.

पाचवी पायरी: विषम ठेका

प्रोगची खूण म्हणजे सरळ चारात न बसणारे ठेके. पिंक फ्लॉइडचं 'मनी' सात मात्रांत आहे. सुरुवातीला नाणी, कागद फाडणं, गल्ल्याचं यंत्र असे आवाज टेपवर कापून त्या सातात बसवलेत. सॅक्सोफोनही सातातच वाजतो, पण गिटारची पाळी आली की बँड सरळ चारावर येतो आणि ऐकणारा एकदम उधळतो. इतका वेळ पाऊल अडखळत होतं, म्हणून ही मोकळीक जाणवते.

सात मात्रा आपल्याला परक्या नाहीत. रूपक ताल सातांचाच, आणि त्यात समेवरच खाली येते, म्हणजे जिथे वजन पडायचं तिथेच हात उघडा राहतो. ओवीचा चौथा चरण आखूड असतो, तोही कानाला असाच किंचित पुढे लोटतो. मराठी कानाला हे कळतं. गद्य लिहिताना मात्र आपण ते विसरतो आणि सगळी वाक्यं एकाच मापाची पाडतो.

करून बघायचं ते असं. तुमचा एखादा परिच्छेद घ्या. तीन लांब वाक्यांनंतर चौथं मुद्दाम तोकडं करा. पुढच्या परिच्छेदातही तसंच. वाचकाला हा अडखळता ठेका सवयीचा झाला की महत्त्वाच्या प्रसंगाला तो मोडा आणि एक लांबलचक, सरळ, वाहतं वाक्य सोडा. हे सगळ्या पुस्तकभर करायचं नसतं. एका प्रकरणात एकदा.

सहावी पायरी: खोटा लेखक, खरं वर्तमानपत्र

जेथ्रो टलचा १९७१चा अल्बम समीक्षकांनी 'संकल्पनात्मक' ठरवला. बँडचा गायक आणि गीतकार इयन अँडरसनला ते पटलं नाही. मग त्याने ठरवलं, संकल्पनाच हवी ना, घ्या. १९७२चा 'थिक ॲज अ ब्रिक' म्हणजे दोन्ही बाजू मिळून एकच गाणं, आणि ते म्हणे जेराल्ड बॉस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या कवितेवर रचलेलं. मुलगा काल्पनिक, कविता अँडरसनचीच. रेकॉर्डचं वेष्टन म्हणजे एका काल्पनिक गावाचं बारा पानी वर्तमानपत्र. त्यात गावच्या बातम्या, जाहिराती, कोडी, सगळं.

कल्पना अडली की हा उपाय रामबाण आहे. तुमची कथा दुसऱ्या कुणीतरी लिहिली आहे असं धरा, आणि त्या माणसाच्या तालुक्याचं एक साप्ताहिक तयार करा. कथा नव्हे, साप्ताहिक. निधनवार्ता, बाजारभाव, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'चा चौकट फोटो, पतसंस्थेची सर्वसाधारण सभेची नोटीस, संपादकांना रागाने लिहिलेलं पत्र. दोन पानं भरली की त्यातल्या एखाद्या नोटिशीतून पात्र बाहेर येतं. बाकीचा मजकूर कथेत वापरायचा नाही, पण गाव मात्र तुमच्या ओळखीचं झालेलं असतं.

जिथे सांभाळायचं

येसच्या जॉन अँडरसनने परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचताना शास्त्रांविषयीची एक तळटीप पाहिली आणि तिच्यावरून १९७३चा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' हा चार बाजूंचा, दर बाजूला एकच गाणं असलेला अल्बम झाला. एका तळटिपेतून ऐंशी मिनिटं. कल्पनाशक्तीचं हे उदाहरण खरंच मोठं आहे, आणि धोक्याचंही. कीबोर्डवादक रिक वेकमनचं म्हणणं होतं की यात भरताड फार झाली आहे: एका रेकॉर्डपेक्षा जास्त आणि दोन रेकॉर्डांपेक्षा कमी असा ऐवज ताणून दोन रेकॉर्डांत बसवला. मँचेस्टरच्या एका कार्यक्रमात तर तो वाजवता वाजवता मंचावरच करी खात बसला. पुढच्या वर्षी तो बँडमधून बाहेर पडला.

तुमचा मसुदा पुरा झाला की तो वेकमन होऊन वाचा. कुठल्या पानावर तुम्हाला जेवण मागवावंसं वाटलं, तिथे खूण करा. प्रोगचा प्रभाव पडलेल्या लेखनात हा दोष हमखास येतो: भव्यपणाच्या नादात तीच प्रतिमा चारदा, आणि ब्रह्मांड, अनंत, कालचक्र असले शब्द पानोपानी. उलट 'सपर्स रेडी' बघा. प्रलयाचं वर्णन चाललंय, आणि ऐन मधे 'विलो फार्म' हा निव्वळ वेडाचार येतो. तो गाताना जेनेसिसचा गायक पीटर गॅब्रिएल मंचावर डोक्याला फुलाचा मुखवटा घालायचा. त्या थिल्लरपणामुळे पुढच्या गंभीर भागाला वजन येतं. तुमच्या गंभीर कथेत असं एक पान आहे का?

गाण्यातल्या ओळी आपल्या पुस्तकात छापायचा मोह टाळा. गीतांवर स्वामित्वहक्क असतो, आणि दोन ओळींसाठीही परवानगी आणि बहुधा पैसे लागतात. भाषांतर करून टाकलं तरी ती पळवाट होत नाही. गाण्याची घडण मात्र कुणाच्या मालकीची नसते. एक स्वर पाच मिनिटं टोचण्याची कल्पना तुम्ही खुशाल घ्या.

सगळ्या प्रकारच्या लेखनाला हे जमणारही नाही. आठशे शब्दांचं सदर, पुस्तक परीक्षण, बातमी यांना 'स्टारलेस'चा नकाशा लावलात तर वाचक पहिल्या भागातच पान उलटेल. दीर्घकथा, कादंबरीतलं एखादं प्रकरण, नाटकाचा अंक, दीर्घकविता, पॉडकास्टची संहिता, यांच्यासाठी ही रीत आहे. आणि प्रत्यक्ष लिहायला बसाल तेव्हा नकाशाचा कागद समोर टाचून ठेवा, हेडफोन मात्र खणात टाका.